रोजचे पाच-नऊ

“...आणि नानांनीही ऐकलं?”

मास्तर कपबश्या विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ऐकलं.”

“सगळं?”

“मी येऊन तार उपटेपर्यंत जेवढं गेलं, तेवढं सगळं.”

शलाका लॅपटॉप काखेत धरून दारातच उभी राहिली. आत ये असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि नको असंही म्हटलं नव्हतं. हेर्लेकर मास्तरांच्या त्या माडीवर ती चार वर्षं हक्काने चढत होती. आज मात्र तिला चपला कुठे काढाव्यात तेसुद्धा सुचेना.

झालं होतं ते असं. मास्तर जुने हॅम रेडिओवाले, घरच्या सेटवरून गावोगावच्या हौशी मंडळींशी बोलणारे. छपरापासून समोरच्या आंब्यापर्यंत तार ताणलेली, खोलीत मोठा सेट, आणि सेटला जोडलेला एक बोजड संगणक. मायकचं बटण दाबायचं कामही तो संगणक करून देई. दिवाळीनंतर तो जो बसला, तो पुन्हा उठलाच नाही. शलाकाने आपला नवा लॅपटॉप आणला, तर सेटची ती नऊ टाचण्यांची पिन घुसवायला त्याला भोकच नाही.

“असली भोकं आता जगातून गेली, मास्तर,” ती हसून म्हणाली होती. “मी मध्ये एक कन्व्हर्टर लावते. दोन मिनिटांचं काम.”

“नवी तार जोडलीस की आधी पॉवर शून्यावर आण,” मास्तर म्हणाले होते. “आणि नुसती ऐकत बस थोडा वेळ.”

“हो, हो,” ती म्हणाली. मास्तर चहा टाकायला आत गेले. तिने कन्व्हर्टर खुपसला आणि सेटकडे पाठ करून मैत्रिणीला फोन लावला.

नव्या लॅपटॉपला जुन्या सेटची रीत काय ठाऊक! तार लागल्याबरोबर त्याने मायकचं बटण आपणहून दाबून धरलं. सेटवर लाल दिवा लागला, म्हणजे इथलं बोलणं बाहेर जाऊ लागलं. टेबलावरचा मायक जागा झाला. रोज सकाळी एकेक जण सेटवर येऊन हजेरी लावी; ती वेळ होत आलेली, जिल्ह्याजिल्ह्यांतले म्हातारे कान लावून बसलेले. त्या सगळ्यांच्या कानांत शलाकाचा आवाज गेला, खणखणीत.

“अगं, ते वेंगुर्ल्याचे तोरसकर नाना आहेत ना, अर्धांगवायू झालेले... एक वाक्य बोलायला युग लावतात. मी सरळ आवाज बंद करते आणि फोन बघत बसते. संपलं असं वाटलं की सांगते, नाना, पाच-नऊ! म्हातारा खूश!”

आणि वर हसली.

पाच-नऊ हे हॅमवाल्यांचं प्रमाणपत्र. तुमचा शब्दन् शब्द कळला, म्हणून पाच. आवाज दणदणीत आला, म्हणून नऊ. यापुढे गुण नाहीत.

स्वयंपाकघरात मास्तरांचा छोटा रिसीव्हर कायम चालू असे. ते गुडघ्यांच्या परीने धावत आले, तिच्या अंगावरून हात घालून त्यांनी तार उपटली. मग पुन्हा आत गेले आणि तिचा कप घेऊन आले.

“चहा घे,” एवढंच म्हणाले.

ती चहा न घेता जी काल पळाली, ती आज उगवत होती.

“मास्तर, दोष सापडला,” ती घाईने म्हणाली. “प्रोग्राममध्ये एक खूण काढायची राहिली होती. आता बटण आपोआप दाबलं जाणार नाही. घरी तपासलं मी.”

“म्हणजे तारेचा दोष गेला.”

“हो.”

मास्तरांनी तिच्या हातातला कन्व्हर्टर घेतला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि पुन्हा कपबशीला हात लावला.

...

“नाना आले होते का काल हजेरीला?” तिने विचारलं.

“नाही.”

“काही म्हणाले?”

“ते कशाला म्हणतील. त्यांच्या घरून काकूंचा फोन होता.” मास्तरांनी कप पालथा घातला. “आजारपणानंतर ते घरात बोलत नव्हते. लाज वाटायची. बोलायचे ते फक्त सेटवर. आणि रोज सेट बंद करून चुलीपाशी जायचे, काकूंना बोटं दाखवायचे. आधी पाच. मग नऊ.”

शलाकाचा चेहरा भाजल्यासारखा झाला. हजेरी घ्यायचं काम मास्तरांनी तिच्यावर सोपवलं, तेव्हा तिने गावभर पेढे वाटले होते. आपल्याइतका तयार शिष्य मास्तरांना मिळाला नाही, असं तिला वाटे, आणि ती ते बोलूनही दाखवी. आता ते पेढे आठवले आणि तिला आपलीच किळस आली.

“मी वेंगुर्ल्याला जाते. नानांच्या पाया पडते.”

“पडशील. ते ‘असू दे’ म्हणतील. तेवढंच त्यांना न अडखळता म्हणता येतं.”

“मग मला हाकलून तरी द्या!”

“हाकललं की तू सुटलीस.”

...

हजेरीची वेळ झाली. मास्तरांनी सेट चालू केला, खुर्ची मागे ओढली आणि स्वतः मात्र खिडकीशी जाऊन उभे राहिले.

खुर्ची रिकामी होती. शलाका लॅपटॉप टेबलावर ठेवून बसली. रात्रभर तिने माफीची वाक्यं रचली होती, चांगली घोटून. मायकचं बटण दाबलं आणि त्यातलं एकही जागेवर सापडेना.

“नाना, मी शलाका. मी... मी खोटं सांगत होते. रोज. मी ऐकतच नव्हते.”

बटण सोडलं.

खरखर. बाकीच्या म्हाताऱ्यांपैकी कोणी तिला सांभाळून घेतलं नाही, कोणी झापलंही नाही. तिला वाटलं, उठावं आणि जिना उतरून जावं, पुन्हा या गल्लीत पाऊल टाकू नये.

मग खरखर थांबली. कोणीतरी बटण दाबलं होतं. श्वास ऐकू आला, नुसताच.

“क... का... सेट... क...”

नानाच होते. शलाका पुढे वाकली, कान सेटच्या जाळीला लावला, डोळे मिटले. शब्द येत होते, तुटत होते, मधलेच गळत होते. पुष्कळ वेळाने ते थांबले. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं,

“क... कसं?”

पाच-नऊ तिच्या जिभेवरच होतं. यावेळी टवाळीने नव्हे, मायेने. म्हाताऱ्याला आणखी किती दुखवायचं? तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीतून आंब्यावरच्या तारेकडे बघत होते.

तिने बटण दाबलं.

“नाना, आवाज नऊ. शब्द... दोनच. मला कळलं नाही. परत सांगाल?”

...

कोणी बोलेना. आपण त्यांना दुसऱ्यांदा मारलं, असं वाटून शलाकाने तोंडावर हात दाबून धरला.

“क... काल...” सेट बोलला. “काल... सेटवर...”

“काल सेटवर,” ती म्हणाली. “पुढे?”

“का... कापड...”

“कापड?”

“टा... टाकलं.”

पुढचा शब्द तिला काही केल्या लागेना. तिने परत विचारलं. त्यांनी परत सांगितला. तिने पुन्हा विचारलं. नानांना धाप लागली, ते थांबले, तीही थांबली. आवाजाच्या बटणाकडे तिचा हात एकदाच गेला, आवाज वाढवायला.

“काल सेटवर कापड टाकलं होतं,” शेवटी ती म्हणाली, “आज काढलं. बरोबर, नाना?”

“ब... बरोबर.”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती.

“माझं कसं येतंय, नाना?” तिने विचारलं. रीत होती ती.

नानांनी नीट विचार केला असावा.

“चा... चार,” ते म्हणाले. “रडतेस... म्ह... म्हणून.”

वेंगुर्ल्याचा सेट बंद झाल्याचा खट्ट आवाज आला. शलाकाने मायक खाली ठेवला. वर बघायची अजूनही तिची छाती होत नव्हती.

मास्तर खिडकीपासून टेबलाशी आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कन्व्हर्टर काढला आणि तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवला.

“जोड आता,” मास्तर म्हणाले. “लाल दिवा पेटला तर पेटू दे.”