चालण्याचे इंग्रजी शब्द

“आणखी?”

“स्ट्रोल, स्ट्राइड, ट्रज, मार्च, वॉन्डर...” संघपाल थांबला, तोही फक्त श्वास घ्यायला. “अजून आहेत, भन्तेजी. सांगू?”

भन्ते धम्मशील फाटक्या चीवराला ठिगळ लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “राहू दे. या सगळ्यांचा अर्थ काय?”

“चालणे.”

“सगळ्यांचा?”

“सगळ्यांचा. समानार्थीच आहेत ते.”

वैनगंगेकाठच्या एका गावातल्या विहारात हे बोलणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी परदेशातून काही उपासक येणार होते. त्यांना गावकऱ्यांच्या आयुष्याची हकिगत गावकऱ्यांच्याच तोंडून ऐकायची होती, आणि ती इंग्रजीत सांगणारा एक माणूस हवा होता. तो पसंत पडला, तर पगार देऊन ते त्याला पुढच्या सगळ्या प्रवासात सोबत नेणार होते. नाव भन्ते सुचवणार होते.

संघपाल गजभिये बी.ए. झाला होता आणि तेव्हापासून वडिलांची बोलणी खात घरी बसला होता. त्याला ही नोकरी हवी होती. इतकी हवी होती, की क्रियापदांचं एक जाडजूड पुस्तक त्याने तोंडपाठ करून टाकलं होतं. असा दुसरा कोणी गावात नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कारण तोच सांगत फिरायचा.

“माझंच नाव द्या, भन्तेजी. कोणतंही क्रियापद विचारा. एकदा वापरलेला शब्द मी पुन्हा वापरत नाही.”

“का रे?”

“लोकांना वाटतं, याच्याजवळ दुसरा नाही.”

भन्तेंनी दाताने दोरा तोडला आणि सुईत नवा ओवायला घेतला.

तेवढ्यात अनुसयाबाई रोजच्यासारख्या मेणबत्ती लावायला आल्या. मुलगी मंदा अगदी तान्ही असताना त्यांचा नवरा एका पहाटे घर सोडून गेला होता. तो परतला नाही. त्या मुलीलाही आता सून आली होती. उद्या पाहुण्यांसमोर अनुसयाबाई बोलणार होत्या.

“अनुसयाबाई,” भन्ते म्हणाले, “उद्या काय सांगणार, ते याला सांगा.”

त्या खांबाला टेकून बसल्या. सांगून सांगून त्यांचा आवाज सपाट झाला होता.

“काय सांगाचं जी. मंदाचे बाबा रागानं गेले. आदल्या दिशी भांडण झालं होतं. पहाटे मले जाग आली, तं ते आंगणातून चालत चालले होते. मी दारातून पाह्यलं. मंग नाही आले.”

“आता इंग्रजीत,” भन्ते म्हणाले.

संघपालने सांगितलं. अगदी सफाईने सांगितलं. नवरा अंगणातून चालत गेला, त्या जागी संघपालने ‘स्ट्राइड’ हा शब्द घातला.

“हा कोणता शब्द?”

“ढांगा टाकत जाणं. तोऱ्यात.”

“तसे गेले?”

“रागाने गेले ना, भन्तेजी.”

“आणि तो मघाचा... ट्रज?”

“पाय ओढत. थकून.”

“स्ट्रोल?”

“रमतगमत.”

“म्हणजे तू म्हणशील तसा यांचा नवरा गेला,” भन्ते म्हणाले.

संघपाल जरा चपापला. “मग कोणता घालू?”

“मला काय विचारतोस? मी दारात उभा नव्हतो.”

...

संघपालने अनुसयाबाईंकडे पाहिलं. कळायला लागल्यापासून तो त्यांना पाहत आला होता. पण त्यांना त्याने कधी काही विचारलं नव्हतं. विचारायला गेला, तेव्हा त्याची शहरी भाषा कुठल्या कुठे पळाली.

“मावशी... मंदाताईचे बाबा कसे चालत गेले जी?”

“म्हंजे?”

“म्हंजे... कसे?”

अनुसयाबाई खांबापासून सरकून ताठ बसल्या.

“काऊन गेले, हे सगळ्यायनं इचारलं,” त्या म्हणाल्या. “कुठं गेले, तेही इचारलं. कसे गेले, हे कोनीच नाही इचारलं, बाबू.”

त्या सांगायला लागल्या, पण सांगता येईना. मग त्या उठल्या. विहाराच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या.

सुरुवातीची पावलं त्यांनी दणकून टाकली. रागावलेला माणूस टाकतो तशी. मग मध्येच अडखळल्या. उभ्या राहून आठवू लागल्या...

त्या वाकल्या. पायात नसलेल्या चपला काढून हातात धरल्या. आणि टाच न टेकवता, चवड्यांवर, अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेल्या. तिथे त्यांनी चपला खाली ठेवल्या आणि पायात सरकवल्या.

“चपला हातात होत्या,” त्या म्हणाल्या. “मंदा वसरीवर निजली होती. तिची झोप मोडू नये म्हनून...”

इतकी वर्षं त्या रागाने गेलेल्या नवऱ्याबद्दल सांगत आल्या होत्या. आता त्या फाटक धरून रडू लागल्या. संघपालला फार वाईट वाटलं. आपण विचारायला नको होतं, असंही वाटलं.

थोड्या वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं, मेणबत्ती लावली आणि त्या घरी गेल्या.

“आता सांग,” भन्ते म्हणाले. “इंग्रजीत.”

“टिपटो...” संघपाल म्हणाला. “चवड्यांवर चालणं. पण त्यात पोरांचा खेळ वाटतो. स्नीक... नाही. तो चोराला लावतात. क्रीप...”

तो थांबला. या वेळी श्वास घ्यायला नव्हे.

“नाही येत, भन्तेजी. एकाही शब्दात मंदाताई नाही.”

...

तो पायरीवर बसून राहिला. नोकरी हातची गेली, हे त्याला कळत होतं. तरी त्यानेच म्हटलं, “दुसऱ्या कोणाचं नाव द्या.”

भन्तेंनी ठिगळ ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं. त्यांनी चीवराची घडी घातली.

“उद्या अनुसयाबाईंच्या शेजारी तू बसायचंस.”

“पण मला शब्द सापडला नाही, भन्तेजी! पाहुण्यांनी विचारलं, तो माणूस कसा गेला, तर मी काय करू?”

पायरीखाली संघपालच्या चपला पडल्या होत्या. भन्तेंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

“विचारलं, तर त्या हातात घे.”