कोठाराला चिकटलेली घोरपड

एका डोंगराच्या कुशीतल्या जंगलात एक घोरपड राहत असे. दिसायला ओबडधोबड, चालायला संथ. पण मुलांनो, एकदा का तिनं एखादी गोष्ट धरली, की सोडायचं नाव नाही! त्या जंगलात वडाखाली पिल्लांची शाळा भरायची आणि शाळेची चूल घोरपडीकडे होती. रोज सकाळी ती वरीची खिचडी रांधायची, मूग घालून, वर शेवग्याचा कोवळा पाला टाकून. खिचडीचा वास सुटला की सशाची, माकडांची, साळिंदराची पिल्लं पाट्या सोडून चुलीकडे बघत बसायची. गुरुजी होते कासव. ते म्हणायचे, "अरे, आधी पाढा!" पिल्लं म्हणायची, "गुरुजी, आधी पोटोबा!" खरं सांगायचं तर गुरुजींनाही भूक लागलेली असायची, म्हणून ते फार ताणून धरत नसत.

चुलीचं धान्य जंगलाच्या कोठारातून यायचं. कोठार म्हणजे कड्यातली एक खोल कपार. तिच्या तोंडाशी मोठी शिळा लावलेली आणि शिळेच्या कडेला टोपली रिकामी करता येईल एवढी फट; चुलीचा रोजचा दाणाही त्याच फटीतून काढायचा. सुगी आली की प्रत्येक घरानं आपली टोपली त्या फटीतून आत ओतायची, अशी रीत होती. सशानं सशाएवढी, गव्यानं गव्याएवढी. ते धान्य अडीनडीला सगळ्यांचं आणि रोज शाळेच्या चुलीचं.

राजा होता हत्ती. मनानं चांगला, पण एवढे मोठे सुपाएवढे कान असून हलक्या कानाचा! त्या कानाच्या घडीत कोठाराचा कारभारी बसायचा, एक मुंगळा. साठवणं हा मुंगळ्याचा स्वभावच. दाणा आत जाताना दिसला की तो खूश, बाहेर जाताना दिसला की तो कासावीस. एके दिवशी तो राजाच्या कानाला लागला. "महाराज, रोज चूल, रोज लाकडं, रोज खिचडी! शेजारच्या जंगलाच्या राणीसाहेब यायच्या आहेत. त्यांना शिगोशीग भरलेलं कोठार दाखवायचं, की खरकटी पातेली? चूल बंद करा. पोरांना मूठमूठ कच्चे दाणे वाटून टाकू, घरी आया शिजवतील." राजानं मान डोलावली आणि हुकूम सुटला.

हुकूम ऐकून कासवगुरुजींनी मान कवचात ओढून घेतली. "वरून आलंय, मावशी. आपण काय करणार?" घोरपडीनं निमूटपणे चूल विझवली. पण आया तर दिवसभर चाऱ्यासाठी रानोमाळ हिंडायच्या, शिजवणार कोण? आणि ज्याला आईच नाही त्यानं कुठं जायचं? असं एक पाडस होतं. त्याची आई मागच्या वणव्यात गेली होती, आणि शाळेतली खिचडी हेच त्याचं दिवसातलं खरं जेवण होतं. कच्चे दाणे त्याला चावेनात. बाकीच्यांचीही तीच गत. पोटात कावळे ओरडत असताना पाढे कोण म्हणणार? वडाखालची पिल्लं हळूहळू कमी होत गेली.

पाडस डोंगराखालच्या शेतांत चोरून शिरायला लागलं आणि एका सकाळी लंगडत परत आलं. पायात फासाची तार रुतली होती. घोरपडीनं ती हलक्या हातानं काढली, जखमेवर पाला बांधला. "कशाला गेलास रे मेल्या तिकडं? जीव गेला असता ना!"

"भूक लागली होती," पाडस म्हणालं. "मावशी, तू चूल कधी पेटवणार?"

घोरपडीला रडू आलं. पाठोपाठ असा संताप आला, की रडू जागच्या जागी सुकलं. "पेटवते," ती म्हणाली. "पेटवल्याशिवाय घरी जायची नाही." आणि तिनं तडक कड्याची वाट धरली.

कोठाराशी पोचताच तिनं चारी पंजे शिळेत रोवले, अंगानं ती फट झाकून टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "शाळेच्या चुलीचं धान्य मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही!"

मुंगळा धावत आला. "अगं बाई, हे काय मांडलंयस? पाहुण्या यायची वेळ झाली!"

"येऊ देत की. त्याही बघतील."

"भीक हवी असेल तर नीट माग!"

"भीक?" घोरपडीनं मान वळवली. "या ढिगात माझी टोपली आहे. त्या पाडसाच्या आईचीही आहे. ती मेली म्हणून तिची टोपली तुझी झाली का रे?"

 मुंगळ्यानं शिपाई बोलावले. माकडांनी शेपटी ओढली, रानडुकरानं ढुशा दिल्या, गव्यानं वेलीचा दोर बांधून हिसके मारले. छे! जितकं ओढावं तितकी ती अंग फुगवून आणखी घट्ट बसायची. ऊन चढलं, दगड तापला, तिच्या नखांतून रक्त यायला लागलं. कासवगुरुजी धापा टाकत तिथं पोचले. "मावशी, सोड गं. अशानं मरशील."

"गुरुजी, पाढा म्हणायचा तर म्हणा. सोड म्हणू नका."

 गुरुजींनी कवचातून अख्खी मान बाहेर काढली आणि खणखणीत आवाजात बेचा पाढा सुरू केला. एकेक करून पिल्लं येऊन बसली. पाडसही लंगडत आलं. त्या दिवशी शाळा कोठारासमोरच भरली.

अशात राजाची स्वारी आली. सोबत शेजारची राणी, एक म्हातारी हत्तीण. राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंगळा लगबगीनं त्याच्या कानात चढून म्हणाला, "महाराज, आता तुम्हीच ओढा!" राजानं घोरपडीला सोंडेनं विळखा घातला. "सोड, बाई."

"नाही सोडणार, महाराज."

राजानं पाय रोवले आणि सगळा जोर लावून ओढलं. कडाड् करून आवाज झाला. घोरपड सुटली नाही, शिळाच सुटली! घोरपडीसकट ती बाजूला येऊन पडली आणि आतलं धान्य भसाभस बाहेर आलं. धान्य कसलं? भुसा! ढीग दिसायला तस्साच, पण दाणे आतून पोकळ, आणि सगळीकडे किड्यांची वळवळ. पिल्लांचा पाढा मध्येच थांबला.

म्हातारी हत्तीण म्हणाली, "शिल्लक बरीच आहे हो तुमच्याकडं."

राजाचे कान खाली पडले. "कारभारी, तुम्ही आत कधी पाहिलं होतं?"

"महाराज," मुंगळा चाचरत म्हणाला, "ढीग उंच दिसत होता... शिळा सरकवली की दाणा सांडतो, म्हणून मी..."

"पोरांच्या तोंडचा घास काढून आपण किडे पोसले," राजा म्हणाला.  मग तो घोरपडीकडे वळला. "बाई, तळाशी जे चांगलं राहिलंय, ते सगळं चुलीला ने. माझ्याकडून दान समज."

घोरपड अजून त्या पडलेल्या शिळेला चिकटूनच होती. "दान नको, महाराज. आज दान द्याल, उद्या कुणी कानाशी लागलं की बंद कराल. सुगीचं धान्य आलं की पहिलं माप शाळेच्या चुलीचं. तुमच्या स्वयंपाकघराच्याही आधी. आणि तुम्ही नि कारभाऱ्यांनी पोरांच्या पंगतीला बसून चव घ्यायची. हे सगळ्यांदेखत म्हणा, मग सोडते."

गर्दीत कुजबुज झाली. राजाशी असं बोलतात का कुणी? पण राजा पाडसाच्या पायावरच्या पाल्याकडे बघत होता. त्यानं सोंड वर केली आणि घोरपड म्हणाली होती ते सगळं, शब्दन् शब्द, मोठ्यानं म्हटलं.

तेव्हा कुठं घोरपडीनं एकेक नख सोडवलं. तिला उभंही राहवेना. ज्या गव्यानं तिला ओढलं होतं, त्यानंच तिला पाठीवर घेऊन वडाखाली आणलं. पिल्लांनी काटक्या गोळा केल्या, आयांनी धान्य निवडलं, पाखडलं, आणि दुपार कलायच्या आत चूल पेटली. पंगतीत राजा गुडघे मोडून बसला. शेजारी मुंगळा. त्याच्या पानावर एकच शीत वाढलं होतं, गरम गरम. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ते साठवायला नेलं नाही, तिथंच बसून खाल्लं.

पाडसानं पान चाटूनपुसून लख्ख केलं आणि म्हणालं, "मावशी, अजून वाढ."

"वाढते," घोरपड म्हणाली. "उद्याही वाढते."

तात्पर्य : पोरांच्या पानातून वाचवलेला दाणा किड्यांच्याच पोटात जातो. सगळ्यांनी मिळून भरलेल्या कोठारातलं पहिलं माप पोरांच्या चुलीचं. ते हक्कानं मागावं आणि मिळेपर्यंत पकड सोडू नये.