म्हाताऱ्यांचं टोक

सरदार अंताजीरावांना दोनच गोष्टी प्रिय होत्या: हुकूम सोडणं आणि पालखीत झोपणं. पण झोप लागावी कशी? पालखीच्या पुढच्या टोकाला म्हातारे भोई, मागं तरणी पोरं. मागच्यांना पुढची वाट दिसायची नाही, म्हणून म्हातारे ओरडायचे, “दगड हाय!” आणि मागून पोरं ओ द्यायची, “व्हय, आज्या!”

त्या दिवशी “खोल हाय!” ऐकून सरदार दचकून जागे झाले आणि पडद्याआडूनच गरजले, “भिवा नाईक! ही म्हातारी खोडं कामावरून काढून टाक. नुसती तरणी पोरं ठेव!”

भोयांचा नाईक भिवा शेजारूनच चालला होता. “आत्ताच, सरकार?”

“आत्ताच! पुढं एक पाऊल टाकायचं नाही त्यांनी!”

“आज्यांनो, ऐकलंत ना? उतरवा.”

म्हाताऱ्यांनी हसू दाबत दांडा खांद्यावरून हातांवर घेतला. पालखी पुढं कलली आणि सरदारांचे जरीचे जोडे गार पाण्यात बुडाले. त्यांनी पडदा सारला, तर चहूकडे नदी!

“अरे, बुडवतोस काय मला?”

भिवानं हात जोडले. “नाही सरकार. पोरांनी आपली अर्धी पालखी नीट धरलीय. सरकारच घसरून म्हाताऱ्यांच्या अर्ध्यात आलेत.”

सरदारांनी हुकूम तिथंच गिळला. पालखी पुन्हा खांद्यांवर चढली. पण आता सरदारांना कसली झोप येते! पडद्यातून मान काढून ते वाट निरखत राहिले आणि काठाजवळ म्हाताऱ्यांच्याही आधी ओरडले, “दगड हाय!”

मागून पोरांनी सवयीनं ओ दिली, “व्हय, आज्या!”