संत्र्याच्या सालीचा तराजू

"...अन् परी म्हणे असं म्हणाली, की संत्र्यापेक्षा मिरचीच..."

एवढंच माझ्या कानावर आलं, आणि हापशावर गिरजाबाईची घागर भरली. घागर डोक्यावर घेऊन बाई निघाली, पुढचं वाक्यही तिच्याबरोबर निघालं. मी मागं धावले. "अगं, मिरचीच काय?"

"मला तरी कुठं ठाऊक, सुभद्राबाई? मीही अर्धंच ऐकलं!"

बाळांनो, तेव्हा आमच्या वस्तीवर धुकं उतरलं होतं. राखेच्या रंगाचं, ओलं, जड धुकं. सूर्य यायचा तो शिळ्या भाकरीसारखा, फिकट. आणि माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कौतिकाच्या घरात तर दिवसाही अंधार असायचा.

कौतिका सात वर्षांची, गव्हाच्या लोंबीसारखी बारकुडी. बाप नव्हता. माय लाल मिरच्यांचे देठ खुडायला जायची. चहा आणि कोरडी भाकर, भाकर आणि चहा, असे कितीतरी महिने मायनं काढले. मग तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दोन दात पडले. पायांवर जांभळे डाग उठले. एक दिवस तिला अंथरुणातून उठवेचना. वैद्यबुवा आले, बघून हळूच म्हणाले, "अंगातलं सत्त्व आटलंय. ताजं फळ द्या हिला. संत्रं द्या. नाहीतर..." त्या 'नाहीतर'च्या पुढचं कौतीला न सांगताच कळलं.

आणि मी शहाणी! मी सांगून मोकळी झाले, "कौते, मायचं तोंड आलंय. तिखट बंद कर. मिरचीचा कणसुद्धा नको, नुसती पेज दे." आमच्याकडे माणूस आजारी पडलं, की पहिलं तिखटच बंद होतं. पोरीनं ऐकलं. त्यांच्या दारात फुटक्या डब्यात मिरचीचं एक रोपटं होतं. त्याच्या हिरव्यागार, चकचकीत मिरच्या कौती एकटीच भाकरीशी खाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यात भाकर आणि तीन मिरच्या बांधून ती टेकडीखालच्या संत्र्याच्या बागेकडे गेली. कुंपणापाशी राखणदार गोमाजी काठी टेकून उभा.

"गोमाजीबाबा, एकच संत्रं द्या ना. मायला हवं."

"चल हो मागं! मालकाचा माल आहे. मलाच हात लावायची सोय नाही, तुला कुठून देऊ?"

कौती मागं फिरली. हात घालून तोडता आलं असतं, पण तिनं तोडलं नाही. तेवढ्यात कुंपणाच्या काट्यांत तिला काहीतरी इवलंसं फडफडताना दिसलं. तिनं बोटं घातली. काटे रुतले, रक्ताचे थेंब आले, पण तिनं ते अलगद सोडवलं.

ती परी होती! बोटाएवढी. पंख संत्र्याच्या फोडीवरल्या पापुद्र्यासारखे, नाजूक आणि आरपार. केसांत दवाच्या टिकल्या. अंगाभोवती केशरी, सोनेरी, पोपटी चमचम.

"मुली, माग काय हवं ते," ती किणकिणली. "पण नियम आहेत हं. मागणं एकच. घेण्याआधी तोलून बघायचं. आणि वाटेत कुणी मागितलं, तर मुठीत लपवायचं नाही."

"मायसाठी एक संत्रं," कौती म्हणाली.

परीनं संत्र्याच्या सालीच्या दोन वाट्या कोळ्याच्या धाग्यानं टांगल्या. झाला चिमुकला तराजू! एकीत संत्र्याची फोड ठेवली. दुसरीत कौतीच्या फडक्यातली हिरवी मिरची, फोडीच्याच वजनाची. तराजू सरळ राहिला. "हे झालं वजन. आता आतलं सत्त्व तोलू या." तिनं फुंकर मारली. फोडीत उजेडाचे कण लुकलुकले. पण मिरचीत? मिरचीत तर कणांची दाटी झाली, नि तिची वाटी झपकन खाली गेली!

"अगं बाई! मिरचीत जास्त? मग मायला मिरच्याच भरवू?"

"संत्रं अख्खं खाता येतं. तेवढ्या मिरच्या खाऊन दाखव बरं!" परी हसली. "संत्र्यात रस आहे, गोडी आहे, दुखऱ्या तोंडाला ते सोसतं. मिरची चिमूटभरच घ्यायची. आणि ताजी, हिरवी. वाळवली की तिखटपणा उरतो, हे कण बरेचसे उडून जातात."

कौतीच्या ओंजळीत टपोरं संत्रं आलं आणि परी धुक्यात विरली.

वाटेत गोमाजी दगडावर बसला होता. त्याच्याही हिरड्यांतलं रक्त ओठावर आलं होतं. "पोरी, एक फोड देतेस? चौदा वर्षं बाग राखतोय, चव ठाऊक नाही."

कौतीची मूठ मिटली. डोळ्यांपुढं माय आली. मग नियम आठवला, आणि मूठ उघडली. म्हातारा भुकेला होता. एक, दोन, तीन करत फोडी संपत आल्या. कौतीच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

"कुणासाठी होतं गं?"

"सांगितलं ना. मायसाठी."

शेवटची फोड गोमाजीच्या हातातच राहिली. ती त्यानं तिच्या तळव्यावर ठेवली आणि मान खाली घातली.

कौती घरी आली ती एक फोड आणि तीन मिरच्या घेऊन. वाटेत हापशावर बायांना तिनं अर्धंमुर्धं सांगितलं होतं, मला मात्र सगळं सांगितलं. मला लाज वाटली, बाळांनो. मीच ना त्या घरातलं तिखट बंद केलं होतं! फोडीचा रस मायच्या ओठांत पिळला. मग मी घरून ताक आणलं, मिरचीचं बी काढलं, चिमूटभर ठेचून त्यात कालवलं. माय कळवळली, पण प्याली.

आणि दुसऱ्या सकाळी दारात गोमाजी उभा! धोतराच्या सोग्यात चार संत्री. "गळालेली आहेत. मातीतच कुजायची. मालकाला विचारून आणली." मग तो रोज येऊ लागला.

रक्त थांबायला दिवस लागले. डाग जायला महिना लागला. एका सकाळी धुकं फाटलं, माय भिंत धरून उठली आणि दारात आली. "माय, बघ! परी!" कौती रोपट्याकडं बोट दाखवत ओरडली. मला परी दिसली नाही. केशरी-पोपटी उजेडाची एक लहर मात्र मिरच्यांवरून उठली, भिंतीवर थरथरली आणि निघून गेली. रोपट्यावर पांढरी इवली फुलंच फुलं!

आता हापशावर बाया सांगतात, "परीनं एका मिरचीवर मरती बाई उठवली." मी घागर खाली ठेवते आणि म्हणते, निम्मं खरं आहे, बायांनो. जेवढ्यास तेवढं तोललं तर मिरची भारी, हे खरं. पण उठवलं ते मिरचीनं, संत्र्यांनी आणि उघडलेल्या एका मुठीनं मिळून. शिवाय कौतीच्या मायचे पडलेले दोन दात काही परत आले नाहीत. ती हसली, की तिथं अजून अंधार दिसतो.

पण ती हसते.