अभिजय सरांची फी

इचलकरंजीच्या एका मंगल कार्यालयात अभिजय सरांनी क्रिप्टोचा वर्ग भरवला होता. नव्या सभासदाला शाल-श्रीफळ द्यायचे आणि टाळ्यांच्या गजरात त्याच्याकडून फी घ्यायची, ही त्यांची रीत. आज मान शर्वरीच्या मामांचा होता. निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा सरांच्या फीत जाणार होता आणि उरलेला त्यांनी सांगितलेल्या एकाच क्रिप्टो-नाण्यात. व्यासपीठावर मामा धनादेशावर सही करू लागले, तशी श्रोत्यांत बसलेली शर्वरी उभी राहिली.

“सर, हे नाणे घसरले तर कोणत्या भावाला विकायचे?”

“तुम्ही काय करता, ताई?”

“मी घेतानाच विक्रीचा भाव ठरवते. तिथवर घसरले की तोटा सोसून बाहेर पडते.”

सर माइकवरच हसले. “म्हणजे लग्नाच्या मांडवातच घटस्फोटाचा अर्ज! अहो, इथे वाघाचे काळीज लागते. दिवाळीपर्यंत हे नाणे दुप्पट होणारच!”

सभागृह खदखदले. मामांनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही.

“उत्तम. मग फी रुपयांत घेऊ नका. तेवढ्याची नाणी आजच तुमच्या नावावर करू. दिवाळीला फी दुप्पट!”

“छे! फी रुपयांतच. नियम आहे तो.”

“मग माझ्या नियमाला का हसलात? मी घसरण दिसल्यावर बाहेर पडते. तुम्ही तर त्या भीतीने आत पाऊलच टाकत नाही.”

मामांनी पेनाला टोपण लावले. “सर, मला भाचीचाच वर्ग परवडेल,” असे म्हणून ते व्यासपीठावरून खाली उतरले.