भानुदासची दोरी

एका गावात एक भानुदास नावाचा गृहस्थ राहत असे. मनाने चांगला, पण जिवाला म्हणून स्वस्थता नाही. चहा गाळून व्हायच्या आत कप पुढे करणाऱ्यांपैकी!

त्याची लेक रेवती पहिलटकरीण होती. तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं होतं. पण भानुदासची जुनी मोटार खड्ड्यात आपटली आणि तिची चाकं वाकडी झाली. स्टीअरिंग सरळ धरलं की गाडी आपली डावीकडे सरके. हे विहीणबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला, "गाडी धड नसेल तर सुनेला पाठवणार नाही. बाळंतपण इथंच करू."

निरोप भानुदासच्या जिव्हारी लागला. तालुक्याच्या गॅरेजवाल्याने पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं, पण तेवढा दम कोण धरणार? "चाकं काय, मी घरीच सरळ करतो," म्हणत त्याने अंगणात गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणल्या. दोरीपासून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर पट्टीने मोजायचं. फरक निघाला की चाक वळवणारा दांडा पान्याने फिरवून तो घालवायचा. रीत अगदी बरोबर होती. माणूस उतावळा होता.

त्याने जॅक लावला, दांडा फिरवला, गाडी खाली उतरवली आणि लगेच मोजलं. मापं जुळली! पण रस्त्यावर नेली तर गाडी आता उजवीकडे सरकायला लागली. घरी येऊन त्याने तडक पुन्हा जॅक लावला. पुन्हा मापं जुळली आणि पुन्हा गाडी वाकडीच. दिवसभर हेच चाललं. मधूनमधून रेवतीला फोन. "बरी आहेस ना? जेवलीस का? पाय नाही ना सुजले?" शेवटी ती वैतागली. "आबा, आत्ताच तर सांगितलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नुकतीच मापं जुळली होती, तेवढ्यात बायको इंदू बाहेर आली. तिला लेकीसाठी कुरडया घालायच्या होत्या. "अहो, जरा गाडी मागं घ्या. बाज काढायचीय." भानुदास चरफडला. गाडी मागे ढकलली, बाज निघाल्यावर पुन्हा जागेवर आणली. आणि खात्री करावी म्हणून पट्टी लावली, तर माप बदललेलं! पान्याला तर त्याने हातही लावला नव्हता.

"चाकं कुणी फिरवली?" तो ओरडला.

"मी कुरडया घालू की तुमची चाकं फिरवू?"

तो हताश होऊन, इंदूने नुकत्याच कुरडया घातलेल्या बाजेच्या कडेवर टेकला. बसल्या बसल्या हाताला काहीतरी चाळा हवाच होता. वाळली का बघायला त्याने एक कुरडई उचलली आणि ती मोडली.

"घातल्या घातल्या काय उचलताय?" इंदू कडाडली. "बसू दे की तिला जरा!"

भानुदास बोटांना लागलेल्या चिकाकडे बघत राहिला. मग चाकाकडे. जॅकवरून उतरलेली चाकं आखडून उभी राहतात. गाडी थोडी पुढेमागे झाली की ती आपल्या जागी बसतात. आणि तो मात्र न बसलेली चाकं मोजून त्यांना दुरुस्त करत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

या वेळी त्याने दांडा थोडासाच फिरवला. गाडी उतरवून पुढेमागे ढकलली. मग चहा प्यायला, तोही गाळून झाल्यावर. आणि मगच मोजलं. दुपारी सरळ रस्त्यावर स्टीअरिंगही सरळ होतं आणि गाडीही.

तो रेवतीच्या सासरी पोचला. विहीणबाई स्वतः गाडीत बसून वेशीपर्यंत चक्कर मारून आल्या, तेव्हा कुठे सुनेची बॅग डिकीत गेली.

परतताना रेवती गप्प होती. बरी आहेस ना, हा प्रश्न भानुदासच्या अगदी जिभेवर आला. त्याने तो गिळला. कालव्याचा पूल मागे पडला तसा रेवतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, मला बाळंतपणाची फार भीती वाटतेय."

एवढ्या फोनांमध्ये हे ती एकदाही बोलली नव्हती.

तात्पर्य: केलेल्या कामाला आणि जवळच्या माणसाला जरा स्थिरावू द्यावं, उतावळ्या हाताला कशाचंच खरं माप मिळत नाही.