रुईगडाची एक टिपरी

या नगाऱ्याला एकच टिपरी का, असं इथं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. काहींना वाटतं, दुसरी चोरीला गेली. मागं एका शहाण्याने बाजारातून नवी आणून दिली होती, ती आम्ही चुलीत घातली. थांबा, सांगतो. मी इथला गुरव, भिवा. आज्याने सांगितलं तसंच सांगतो, पदरचं फार थोडं.

तेव्हा वरची गादी डळमळली होती. राजा आजारी, मानकरी एकमेकांच्या उरावर बसलेले. दरबारात धड सल्ला देणारं कोणी उरलं नाही, म्हणून घोडदळाचा सरदार सुभानजी वाघचौरे याला कारभारी केलं. वीस वर्षं खोगिरावर काढलेला माणूस. तो म्हणे दरबारात कधी बसायचाच नाही. परक्यापुढे मांडी घातली की आपण सापडलो, अशी त्याची शिपाईगिरीतली समजूत. दरबारी हसायचे. पण दोन तह त्याने असे उभ्याउभ्याच करून आणले.

तिसऱ्या वेळी शत्रू या गडाच्या पायथ्याशी आला, पाच हजारांनिशी. गडावर दोनशे शिपाई आणि आसऱ्याला आलेली सात गावं, गुराढोरांसकट. पाणी दोन दिवसांचं. सुभानजी एकटाच बोलणी करायला निघाला. नगारा वाजवायला राणू घडशी होता. एका टिपरीचा ठोका म्हणजे दरवाजा उघडा, तो रोज सकाळचा. दोन टिपऱ्या म्हणजे हल्ला.

"राणोबा," सुभानजी म्हणाला, "बोलणं फिसकटलं तर मी पागोटं काढीन. दिसलं की दोन्ही हातांनी वाजीव."

खाली शत्रूचा सेनापती सगळ्यांना वाट द्यायला तयार झाला. अट एकच. याच सुभानजीने त्याला पूर्वी रणातून पळवलं होतं, तर आता सुभानजीने आपलं पागोटं त्याच्या पायाशी ठेवायचं.

मला इथं नेहमी प्रश्न पडतो, त्या घटकेला त्याला काय वाटलं असेल? मान गेला तर गेला. पण पागोटं काढलं की वर नगारा झडणार आणि सुटत आलेली सात गावं कापली जाणार. वर निरोप धाडायची सोय नाही.

सुभानजीने पागोटं काढलं, सेनापतीच्या पायाशी ठेवलं. आणि तिथेच धुळीत मांडी घालून बसला.

वर राणूचा उजवा हात खाली आलासुद्धा. एक ठोका पडला, पागोटं उतरलेलं बघून शिपायांनी तलवारी उपसल्या. डावा हात मात्र वरच राहिला.

"सरदार बसलाय," तो म्हणाला. "लढाईला हाक देणारा आमचा सरदार बसायचा न्हाई."

मागून शिपाई ओरडत होते, वाजीव, वाजीव. हाताचा भरवसा वाटेना, तेव्हा राणूने डावी टिपरी कड्यावरून भिरकावून दिली आणि उरलेल्या एकीने सावकाश ठोके देत राहिला, रोज सकाळी द्यायचा तसे. दरवाजा उघडला. सात गावं गुरं हाकत निघून गेली.

दरबाराने सुभानजीला भेकड ठरवून काढून टाकलं. तो याच पायथ्याशी येऊन राहिला. पुन्हा पागोटं बांधलं नाही म्हणे, पण चावडीवर लोकांत मांडी घालून तासन्‌तास बसायचा, असं सांगतात. मला त्याचं फार बरं वाटतं.

ती गादी पुढे कुठं गेली, इथं कुणाला ठाऊक नाही. नगारा मात्र आहे. आजही जत्रेत पहिला ठोका पडला की सातही गावची माणसं डोक्यावरचं उतरवून जिथे असतील तिथे जमिनीवर बसतात. पाटील असो, आमदार असो, कुणी उभा राहत नाही. ते बघा, टिपरी उचलली. टोपी काढा पाहुणे, आणि बसा खाली.